गाडीच्या स्प्रिंगा आणि सासूबाईंचा मणका

आमच्या घरीं सात जणांची गाडी यावयाची ठरली तेव्हां तिच्या रंगावर पंधरा दिवस चर्चा झाली. आंतल्या बैठकींवर कोणत्या कापडाचे अभ्रे घालावे यावरून आम्हां जावाजावांत थोडा रुसवाफुगवाही झाला. परंतु ती गाडी ज्या चार स्प्रिंगांवर आणि चार शॉकअपांवर उभी राहावयाची होती त्यांची विचारपूस घरांतल्या एकाही माणसानें केली नाहीं. जो भार वाहतो त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, हा एकत्र कुटुंबांतला नेहमींचा अनुभव गाडीच्या बाबतींतही आला. तें लक्ष आम्हांला पुढें द्यावें लागलें, आणि त्याची किंमत सासूबाईंच्या पाठीच्या मणक्यानें भरली.

मीं अठ्ठावीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. स्प्रिंगवर भार टाकावा तितकी ती दबते, हा हुकचा नियम मीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल याची गणति नाहीं. तेव्हां ही हकीकत सांगतांना दोष दुसऱ्या कोणाच्या पदरीं टाकण्याची सोय मला नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

सेलू हें वर्धा जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. वर्ध्याहून नागपूरकडे निघालें म्हणजे अर्ध्या तासाच्या आंतबाहेर लागतें. येथली जमीन काळी. कपाशीला ती माउली आहे, रस्त्याला मात्र सावत्र आई. पावसांत पाणी पिऊन ती फुगते आणि वैशाखांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा सतत श्वास घेणाऱ्या भुईवर डांबराचा थर अंथरला म्हणजे थोड्याच वर्षांत त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो आणि चुकवितां येतो. ही लाट दिसत नाहीं, ती पोटांत कळते. त्यांतून आमचें शेत बोर धरणाच्या बाजूला, आणि तिकडचे शेवटचे दोन किलोमीटर पांदणीचे. दुसऱ्या अंगाला आमच्याच तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. म्हणजे आमच्या गाडीला एकाच दिवशीं सकाळीं बंडीच्या चाकोरींतून आणि दुपारीं ताशीं शंभराच्या वेगानें सपाट काँक्रीटवरून जावें लागतें. असें दुहेरी सासर फार थोड्या गाड्यांच्या नशिबीं असेल.

सासूबाई १९५८ सालीं लग्न होऊन या घरीं आल्या. सेलू रोड स्थानकावर उतरल्यावर गांवापर्यंतची वाट दमणींतून झाली, तें वर्णन त्या अजून रंगवून सांगतात. दमणीला स्प्रिंग नसते. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धांव, आणि खालीं आमची ती प्रसिद्ध काळी चाकोरी. परंतु नव्या नवरीसाठीं दमणीच्या तळाशीं गुडघाभर गव्हाचें कुटार, कुटारावर दोन गोधड्या आणि गोधड्यांवर सतरंजी अंथरली होती. "पोटांतलं पाणी हाललं नाही," असें त्या म्हणतात. मला हें अतिशयोक्तीचें वाटे. आतां वाटत नाहीं. तें कां, तें पुढें येईलच.

वर्ध्याला जमनालालजी बजाज यांच्याकडील जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपीत, आणि गांधीजी थट्टेनें तिला 'ऑक्स-फर्ड' म्हणत, अशी गोष्ट आमच्या भागांत सांगतात. बैलांना काय वाटलें असेल तें असो. बसणाऱ्यांची मात्र चैन झाली असली पाहिजे. खालीं मोटारीच्या कमानी आणि पुढें बैलाची चाल, याहून सुखाचा प्रवास कोणत्या राजाला मिळाला? पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचून केलेल्या कमानीचें पेटंट ओबडाया एलियट नांवाच्या इंग्रजानें १८०४ सालीं घेतलें. आमचे मिस्त्री तिला 'पाटे' म्हणतात. मालमोटारीखालीं अजूनही बहुधा पाटेच असतात. घरगुती गाड्यांतून ते जाऊन वेटोळ्याची स्प्रिंग आली.

आतां मूळ गोष्टीकडे वळतें. २०२२ च्या पावसाळ्यांत आमची गाडी मागच्या बाजूनें बसूं लागली. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. गाडीला सात जागा असल्या तरी आठवें कोणी तरी मांडीवर असेच, आणि भाऊजी शेतावरून येतांना मागें तुरीचें एखादें पोतें सहज टाकीत. पांदणीच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचें पोट घासूं लागलें. गांवाबाहेरच्या एका दुकानदारानें उपाय सुचविला कीं, मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्यें रबराचे जाड बफर ठोकून बसवावे, म्हणजे गाडी उचलेल. खर्च दोन हजारांचा. ह्यांनीं मला विचारलें, कारण घरांतलें शास्त्र माझ्याकडे. मीं वहींत आकडेमोड केली. वेटोळ्याचे काम करणारे वेढे कमी झाले कीं स्प्रिंग ताठ होते. ताठ झाली कीं तितक्याच भाराला कमी दबते. कमी दबली कीं गाडी उंच राहते. गणित अगदीं बरोबर होतें. बफर बसविले, गाडी दोन बोटें उचलली, पोट घासणें थांबलें, आणि चारचौघांत माझी वाखाणणी झाली. मीं जें गणित केलें त्यांत उंची होती, पोतें होतें, पांदण होती. बसणारें माणूस तेवढें नव्हतें.

२५ जानेवारी २०२३ ला माघी चतुर्थी होती. केळझरच्या सिद्धिविनायकाला जाण्याचा आमचा परिपाठ जुना. गांव जवळच आहे. थोरल्या नातसुनेला सातवा महिना होता. तिला मधल्या बैठकीवर ऐसपैस बसतां यावें म्हणून सासूबाई आपणहून अगदीं मागच्या बैठकीवर, पोरांच्या घोळक्यांत जाऊन बसल्या. मीं "आई, तुम्ही पुढं या," असें एकदां म्हटलें. दुसऱ्यांदां म्हटलें नाहीं. मागच्या बैठकीला पट्टा असतो आणि तो बांधावयाचा असतो हेंही आमच्या घरांत त्या दिवसापर्यंत कोणाच्या गांवीं नव्हतें.

वाटेंत एका वस्तीपाशीं नवा गतिरोधक झाला होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणें गतिरोधकाची गोलाई ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावी लागते, म्हणजे ताशीं २५ किलोमीटरच्या बेतानें गाडी त्यावरून सुखरूप जाते. आम्हांला भेटला तो हातभर रुंदीचा होता, त्यावर पांढरा पट्टा नव्हता, आणि ह्यांनीं तो पाहिला तेव्हां गाडी चाळीसच्या आसपास होती. पुढलीं चाकें चढलीं तेव्हां आम्हीं सगळीं हंसलों. मागलीं चाकें चढलीं तेव्हां पोरें बैठकीवरून उडालीं आणि खिदळलीं. त्यांच्याबरोबर सासूबाईही उडाल्या आणि खालीं आदळल्या. "आई ग!" एवढेंच त्या म्हणाल्या. देवदर्शन झालें, मोदक झाले, घरीं येईतों त्या नेहमींसारख्या बोलत होत्या. रात्रीं अंथरुणावरून उठतां येईना.

दुसऱ्या दिवशीं सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत नेलें. क्ष-किरणाच्या चित्रांत कमरेचा पहिला मणका पुढल्या बाजूनें चेपलेला स्वच्छ दिसत होता. ताज्या भाकरीवर बोट दाबावें तसा. वयानें हाडें विरळ झालेलीं होतींच. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं गाडींत आजी कोठें बसल्या होत्या? मागें, असें ऐकल्यावर त्यांना मुळींच नवल वाटलें नाहीं. मला मात्र त्या प्रश्नानें घाम फुटला.

सहा आठवडे अंथरूण आणि मग पट्टा. त्या दिवसांत त्यांची सेवा करण्यांत घरच्या कोणींच कसूर केली नाहीं, आणि बफरांचा उल्लेखही कोणीं केला नाहीं. हें न बोलणें मला बोलण्याहून जड गेलें. एके दुपारीं त्यांचे पाय चेपतांना मींच तो विषय काढला. त्या म्हणाल्या, "अग, हाड जुनं झालेलं माझं, त्याला तू काय करणार? पण एक सांगतें. मला धक्का नाही बसला. मला कुणी तरी खालून फेकलं."

या एका वाक्यानें माझे डोळे उघडले. धक्का आणि फेकणें यांत फरक आहे. स्प्रिंग धक्का गिळते खरी, पण ती कंजूष सावकारासारखी आहे. घेतलेलें सर्व परत करते. दबतांना जी शक्ति तिच्यांत सांठते ती उसळतांना ती पुरी बाहेर टाकते. ती शक्ति मधेंच जिरविणारा जो, तो शॉकअप. नळकांड्यांत तेल असतें, तेलांत बारीक भोंकें आणि झडपा असलेला दट्ट्या वरखालीं होतो. तेल त्या भोंकांतून मोठ्या कष्टानें जातें आणि उसळीची उष्णता होऊन जाते. दूर प्रवास करून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो ऊन लागतो, ती गाडीची विझलेली उसळी असते. आमच्या गाडीचे शॉकअप सत्तर हजार किलोमीटर चालून थकले होते. मागच्या एकाच्या अंगावर तेलाचा ओघळ वाळून त्यावर धूळ बसली होती. बफर बसविणाऱ्यानें तो पाहिला नाहीं, मीही वांकून पाहिला नाहीं. म्हणजे आम्हीं सांठविणाऱ्याची ताकद वाढविली आणि जिरविणारा मरतुकडा तसाच ठेविला. गोफण तयार झाली, आणि तिच्या खोळींत सासूबाई बसल्या. दमणींतल्या कुटाराचें कौतुक मला तेव्हां कळलें. कुटार दबतें, परंतु उसळत नाहीं.

होळीच्या सुटींत पुतण्या पुण्याहून आला. तो यंत्रकामांतला, आणि गाड्यांचा शौकीन. त्यानें येतांच मत दिलें, "मोठी आई, सगळं काढून कॉइलओव्हर बसवूं." कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोंवतीं स्प्रिंग असा एकच संच. त्याच्या अंगावर आटे असतात. ते फिरवून गाडीची उंची खालवर करितां येते, आणि चांगल्या संचांत तेलाची भोंकें लहानमोठीं करून कडकपणाही बदलतां येतो. शर्यतीच्या गाड्यांत हेंच असतें. भाऊजींना या सगळ्यांत एकाच गोष्टीची काळजी होती, ती पोत्याची. ह्यांचें म्हणणें, कंपनीनें दिलें होतें तेंच पुन्हां बसवा आणि वाद मिटवा. तीन पुरुषांचीं तीन मतें. आणि चौथें, जिच्या पाठीवरून हा वाद चालला होता तिचें, कोणीं विचारलें नाहीं.

या खेपेस मीं वही पुन्हां काढली, पण गणित दुसऱ्या टोंकानें मांडलें. गाडीच्या भारानें स्प्रिंग जितकी दबून राहते त्यावरून तिचा हेलकावा ठरतो. २५ सेंटिमीटर दबली असेल तर गाडी सेकंदाला एक हेलकावा घेते. ११ सेंटिमीटर असेल तर दीड. आणि ६ सेंटिमीटर असेल तर दोन. घरगुती गाडी साधारणतः सेकंदाला एक ते दीड यांच्या दरम्यान ठेवितात, कारण चालण्याची आणि झोपाळ्याची संवय असलेल्या आपल्या देहाला ती गति ओळखीची वाटते. शर्यतीची गाडी दोनच्या पुढें जाते. आणि बसलेल्या माणसाचें धड उभ्या हादऱ्यांपैकीं सेकंदाला चार ते आठ या टप्प्यांतले हादरे सर्वांत वाईट रीतीनें झेलतें. स्प्रिंग जितकी ताठ करावी तितके आपण त्या टप्प्याकडे सरकतों. पाठीच्या दुखण्यासाठीं ताठ स्प्रिंग घेणें म्हणजे तापावर पांघरूण काढून पंखा लावण्यासारखें आहे.

पुतण्याचें म्हणणें मात्र अगदींच टाकाऊ नव्हतें. महामार्गावर शंभराच्या वेगानें रस्ता बदलतांना मऊ गाडी होडीसारखी डुलते, आणि तें डुलणें भीतिदायक असतें. पण त्यावर उपाय ताठ स्प्रिंग नसून जागरूक शॉकअप हा आहे, हें त्यालाही मान्य करावें लागलें. शिवाय कॉइलओव्हर बहुतेक गाडी खालीं आणण्याकरितां घेतात. गाडी खालीं आली कीं चाकाला वर सरकण्याची जागा कमी उरते. ती संपली म्हणजे चाक थेट रबरी अडसरावर आपटतें, आणि मग स्प्रिंग किती उंची आहे याला अर्थ राहत नाहीं. आमच्या रस्त्याला पाहिजे ती तीच जागा. दुसरी अडचण चिखलाची: आमच्या पांदणीचा काळा चिखल त्या नाजूक आट्यांत एकदां वाळला म्हणजे ते फिरविण्यास छिन्नीहातोडाच घ्यावा लागेल. तिसरी कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें गाडींत कारखानदाराच्या मूळ मापांशीं विसंगत असा फेरफार करितां येत नाहीं, आणि २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच कडक निर्णय दिला आहे. नादुरुस्त झालेला शॉकअप काढून त्याच मापाचा चांगला शॉकअप बसविणें ही दुरुस्ती होय; गाडीची उंचीच बदलणें ही निराळी गोष्ट.

जेवतांना मीं पुतण्याला एक फ्रेंच गोष्ट सांगितली. १९४८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सित्रोएन कंपनीनें एक लहानशी, दिसायला पत्र्याच्या डब्यासारखी गाडी मांडली. ती शेतकऱ्यांकरितां होती, आणि तिच्या रचनाकारांना आरंभींच अट घातली होती कीं, टोपलीभर अंडीं घेऊन नांगरलेल्या शेतांतून गेली तरी एकही अंडें फुटतां कामा नये. त्यांनीं स्प्रिंगा अतिशय मऊ ठेविल्या आणि चाकांना वरखालीं सरकण्यास भरपूर वाव दिला. ही गाडी चार दशकांवर चालली. ऐन पंगतींत अंड्यांचें नांव निघाल्यामुळें सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. म्हणून मीं तेथल्या तेथें अंड्यांच्या जागीं ताकाचा तांब्या घातला, आणि पुढें कसोटीही त्याच तांब्याची ठरली.

वर्ध्याच्या एका वयस्क मिस्त्रींकडे काम दिलें. त्यांनीं प्रथम गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनीं दाबून सोडला. चांगल्या शॉकअपवर गाडी वर येते आणि तेथेंच थांबते. आमची मागची डावी बाजू तीन वेळां नमस्कार करून मग स्वस्थ झाली. "बाई, हिची कंबर आजींच्या आधी गेली होती," ते म्हणाले. बफर काढले. जुन्या स्प्रिंगा भारानें बसल्या होत्या म्हणून मूळ मापाच्या नव्या घेतल्या. शॉकअप जोडीनेंच बदलावे लागतात, एकटा बदलला तर गाडी लंगडते. आम्हीं चारही बदलले. ते वायूच्या दाबाचे घेतले. साध्या शॉकअपमध्यें खडबडीत वाटेवर तेल आणि हवा घुसळून फेंस होतो, आणि फेंसाला जोर नसतो. नळकांड्यांत नायट्रोजन दाबून भरला म्हणजे तो फेंस धरत नाहीं. ताक घुसळणाऱ्या घरांत हें समजावून सांगण्यास फार वेळ लागला नाहीं. त्यांबरोबर झिजलेले बुश आणि रबरी अडसरही नवे बसविले. सगळ्यांत फुकट झालेली सुधारणा टायरांची होती. दाराच्या चौकटीवर हवेचा आंकडा छापलेला असतो. आमच्या टायरांत त्याहून पुष्कळ अधिक हवा होती, कारण कोणी तरी "जास्त हवा, जास्त मायलेज" असें सांगितलें होतें.

पोत्यांचा प्रश्न भाऊजींनीं स्वतःच सोडविला. ते म्हणाले, "वहिनी, यापुढें माल मालाच्या गाडींत." एवढें बोलण्यास त्यांना काय पडलें असेल तें मी जाणतें.

कसोटी मीं स्वतः घेतली. बफर काढण्यापूर्वीं एकदां आणि काम झाल्यावर एकदां, मी अगदीं मागच्या बैठकीवर, पट्टा बांधून, कांठोकांठ ताकाचा तांब्या मांडीवर घेऊन बसलें, आणि ह्यांनीं गाडी त्याच गतिरोधकावरून ताशीं वीसच्या वेगानें नेली. पहिल्या खेपेस तांब्यांत अर्धें ताक उरलें. दुसऱ्या खेपेस चार थेंब उडाले. पुतण्यानें मोबाइलमधल्या त्वरणमापकानें दोन्ही वेळचे आलेख काढून दाखविले, आणि ते खरोखर पाहण्यासारखे होते. परंतु सासूबाईंनीं आलेख पाहिला नाहीं, माझें लुगडें पाहिलें.

घरांत एक नियमही झाला. मधली बैठक पुढल्या आणि मागल्या चाकांच्या मधें येते, म्हणून तेथें झोका सर्वांत कमी. मागची बैठक जवळजवळ चाकांच्या डोक्यावर. तेव्हां साठीच्या पुढचें माणूस आणि गरोदर बाई मधें, आणि मागें पोरें, पट्टे बांधून. हा नियम माझ्यापेक्षां सासूबाईच अधिक कडकपणें पाळवितात.

पुढच्या माघी चतुर्थीला, १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं, आम्ही पुन्हां केळझरला निघालों. पणतू आईच्या मांडीवर होता आणि तिच्या शेजारीं, मधल्या बैठकीवर, सासूबाई. गाडींत चढतांना त्यांच्या कांखेंत एक चपटी उशी दिसली. मीं हात लावून पाहिला. आंत कुटार होतें. त्यांनीं तें शेतावरून मागवून, धुतलेल्या मांजरपाटांत भरून घेतलें होतें.

गतिरोधक जवळ आला तसे हे इतके हळू झाले कीं मागचा टेंपोवाला भोंगा वाजवूं लागला. "अरे, चल जरा, लोक खोळंबलेत," सासूबाई म्हणाल्या. गाडी चढली, उतरली, आणि थांबली नाहीं. मीं मागें वळून पाहिलें. त्यांचा एक हात पणतवाच्या पायावर होता आणि दुसरा उशीवर.

"आई, आतां स्प्रिंगा नव्या आहेत, शॉकअप नवे आहेत," मीं म्हटलें. "ही उशी कशाला?"

"असूं दे ग," त्या म्हणाल्या. "त्या तुझ्या ओळखीच्या आहेत. ही माझ्या."